साखळी की वाक्य? फंक्शनल कोड किती बोलका असावा

आळशी_मूल्यांकन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या टीममध्ये सध्या एका विषयावरून दोन तट पडलेत आणि रिव्ह्यूमधले शेरे मूळ कोडपेक्षा लांब झालेत, म्हणून काथ्याकूट करायला इथे आणतोय.

काम हॅस्केलमध्ये (फंक्शनं एकमेकांना जोडत लिहायची, म्हणजे फंक्शनल, भाषा), विषय बिलिंग. ग्राहकाची थकबाकी काढायची. बिलांच्या यादीतून थकीत बिलं घ्यायची (फिल्टर), प्रत्येकाची रक्कम घ्यायची (मॅप), बेरीज करायची. एकानं हे असं लिहिलं (टिंब म्हणजे दोन फंक्शनांची जोडणी; नावं धाग्यापुरती देवनागरीत केलीत, कंपायलरला देऊ नका):

थकबाकी = बेरीज . मॅप रक्कम . फिल्टर थकीत

आमच्या एक सीनियर बाई म्हणाल्या, टीममध्ये येणारी मुलं बहुतेक जावातून येतात, त्यांना हे झेपत नाही. त्यांनी बोलणारी फंक्शनं लिहिली:

थकबाकी बिलं = यातल्या_रकमांची_बेरीज (अशीच_बिलं_घ्या मुदत_उलटलेली बिलं)

पहिल्याचं म्हणणं, 'अशीच_बिलं_घ्या' म्हणजे शेवटी फिल्टरच. नवं नाव दिल्यामुळे आता आत आणखी काही शिजतंय का, हे प्रत्येकाला उघडून बघावं लागतं. बाईंचं म्हणणं, बिलिंगच्या मॅनेजरला शेजारी बसून कोड वाचता आला पाहिजे. त्यात एक लेन्सवाला आहे (लेन्स म्हणजे नोंदीतला एखादा भाग चिन्हांनी वाचायची-बदलायची सोय), त्याच्या ओळी अशा:

बिल & रक्कम %~ (* 1.18) & शेरा .~ करासहित

माझा कल पहिल्या ओळीकडे आहे. पण कल म्हणजे काही कारण नव्हे, म्हणून तुमची मतं हवी आहेत. 'ज्याची त्याची आवड' हे उत्तर कृपया नको.

वाचनमात्र_बंड्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जाता जाता, पैशाला 1.18 नं गुणताय, फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) वापरता की काय?

आळशी_मूल्यांकन

नाही हो, रॅशनल (नेमका अपूर्णांक) आहे. हॅस्केलमध्ये 1.18 लिहिलं म्हणून तो फ्लोटच होतो असं नाही, टाइप ठरवतो.

मेनफ्रेम_काका

तुमच्या सीनियर बाईंचं म्हणणं फार जुनं आहे. 1959 साली कोबोल या व्यावसायिक कामांच्या भाषेची आखणी सुरू झाली तेव्हा ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेचा वारसा घेऊन नेमका हाच विचार झाला. प्रोग्रॅम इंग्रजीसारखा दिसला तर प्रोग्रॅमर नसलेल्यालाही वाचता येईल. 'सबट्रॅक्ट टॅक्स फ्रॉम ग्रॉस गिव्हिंग नेट.' वाय-टू-केच्या (2000 सालच्या तारखांच्या घोळाच्या) काळात आमच्या पिढीनं असली वाक्यं पोत्यानं वाचली. एखादा मॅनेजर ती वाचत बसलाय हे दृश्य मात्र मी नोकरीभरात पाहिलं नाही.

एकेक ओळ समजायला सोपी, हे कबूल. त्रास होता तो वाक्याच्या शेवटच्या पूर्णविरामाचा. जुन्या कोबोलमध्ये 'इफ'चा आवाका पूर्णविरामाला संपायचा. समजा तीन कामं 'इफ'च्या आत हवीत आणि दुसऱ्यानंतर एक टिंब पडलं, तर तिसरं काम अट खरी असो वा खोटी, दर वेळी होणार. इंडेंट व्यवस्थित असतं, त्यामुळे डोळा फसतो. लाइन प्रिंटरच्या फिकट छपाईत ते टिंब शोधायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. 'एन्ड-इफ' 1985 च्या मानकात आलं तेव्हा सुटका झाली. इंग्रजीसारखं दिसावं म्हणून आणलेलं चिन्ह असं गळ्यात आलं.

व्याजाचं सूत्र लिहायची वेळ आली की मात्र सगळे जण मुकाट्यानं 'कॉम्प्युट' वापरायचे, म्हणजे =, *, कंस. 'मल्टिप्लाय अमुक बाय तमुक' असं चार ओळी कोण लिहिणार?

कोबोलची एक गोष्ट मी आजही उचलेन, ती म्हणजे 88 लेव्हल. स्टेटसच्या खान्यात नुसतं 'ओ' अक्षर असतं, पण त्याला 'बिल-ओव्हरड्यू' असं नाव देता येतं आणि पुढे सरळ 'इफ बिल-ओव्हरड्यू' लिहिता येतं. तुमच्या उदाहरणातलं 'थकीत' हे तेच आहे. ते शब्दात हवं. बेरीज-मॅप-फिल्टरला दागिने घालायची गरज मला दिसत नाही.

कंसातला

काका, कोपरापासून नमस्कार.

वाचण्याबद्दल सगळे बोलतील. कोड पुढे बदलायचाही असतो. टिंबानं जोडलेल्या साखळीला नियम आहेत:

मॅप फ . मॅप ग = मॅप (फ . ग)

यादीवरून दोनदा फिरायचं ते एकदाच फिरा. हे करायला 'फ' म्हणजे काय, 'ग' म्हणजे काय, बिलं की आंबे, काही माहीत असण्याची गरज नाही. डोळ्यांना आकार दिसतो, हात बदल करतो. हॅस्केलच्या जीएचसी कंपायलरला असे नियम लिहून देण्याची सोयच आहे आणि याद्यांच्या बाबतीत तो आपणहून अशी खूप काटछाट करतो. आता हेच 'यातल्या_प्रत्येकाची_रक्कम_काढा' आणि 'काढलेल्या_रकमांवर_कर_लावा' या दोन फंक्शनांबद्दल सांगा बरं. त्यांची जोडणी करता येते का, कोण सांगणार? आत शिरल्याशिवाय नाही.

दुसरं, वाक्य आपल्याला वाटतं तेवढं स्पष्ट नसतं. 'या ग्राहकानं सगळी बिलं भरली नाहीत.' याचे अर्थ दोन:

अ) नाही . सगळी भरलेली
ब) सगळी (नाही . भरलेली)

'अ' खरं ठरायला एखादं बिल राहिलेलं पुरतं. 'ब'साठी एकही भरलेलं असता कामा नये. मराठीत दोन्हीला वाक्य एकच. समोरासमोर बोलताना आपण 'सगळी'वर जोर देऊन वेळ मारून नेतो, फाइलीत तो जोर कुठून आणणार? आता 'अ'वर आठवणीचा एसेमेस जाणार असेल आणि 'ब'वर खातं गोठणार असेल तर फरक किती मोठा आहे बघा. चिन्हांत तो फरक एका कंसाचा आहे, पण दिसतो तरी.

सांगलीकर_सीए

मी प्रोग्रॅमर नव्हे, पण कंसातला यांचा 'ब' वाचून शंका आली. काल नवीन जोडलेला ग्राहक, ज्याला अजून एकही बिल गेलेलं नाही, त्याचं काय?

कंसातला

सीए साहेब, भले! रिकाम्या यादीवर 'सगळी' नेहमी खरं येतं. त्यामुळे 'अ' खोटं येईल, एसेमेस जाणार नाही, ठीक. 'ब' मात्र खरं येईल आणि नव्या ग्राहकाचं खातं पहिल्याच दिवशी गोठेल. वाक्य वाचून हे कुणाच्या लक्षात आलं असतं?

सांगलीकर_सीए

माझ्या लक्षात वाक्य वाचूनच आलं. :) चिन्हं मला येत नाहीत. पण असो.

आमच्याकडे सगळं एक्सेलवर. तिथे थकबाकीचा जुना फॉर्म्युला समप्रॉडक्टचा, त्यात कंसाआधी दोन उणे चिन्हं असतात. ऑफिसातली मुलं तो फॉर्म्युला वर्षानुवर्षं कॉपी-पेस्ट करतात, ते दोन उणे कशाला हे विचाराल तर 'काढलं की शून्य येतं' एवढंच उत्तर. खरं-खोटंचं 1 आणि 0 करायला ते असतात. हल्ली मी असं लिहितो:

=सम(फिल्टर(रक्कम, मुदत<टुडे()))

पैसे भरलेली बिलं या शीटवर नसतातच, ती वेगळ्या शीटवर जातात, म्हणून मुदत बघितली की भागतं. हे आर्टिकलशिपची पोरंही पहिल्या दिवशी वाचतात. त्यामुळे 'सम' आणि 'फिल्टर' ही नावं कळत नाहीत म्हणून नवी वाक्यं करावीत हे मला तरी पटत नाही. दोन उणे काढा, हे मात्र नक्की.

वाचनमात्र_बंड्या

सीए साहेब, तुम्ही प्रोग्रॅमरच आहात, तेही फंक्शनल. एक्सेलला लॅम्डासुद्धा (आपलं फंक्शन आपणच लिहायची सोय) आलाय आता, आणि हॅस्केलच्या घडवणाऱ्यांपैकी सायमन पेटन जोन्स यांनी एक्सेलच्या या अंगावर पुष्कळ काम केलंय. हे वेगळे सांगणे न लगे.

थेम्सकाठी

इथे लंडनला शेअरबाजाराच्या डेटावर काम करतो, त्यामुळे या वादाचं दुसरं टोक रोज बघतो.

केनेथ आयव्हर्सन यांचं एपीएल 1962 च्या पुस्तकातून पुढे आलं, आधी फळ्यावर लिहायची लेखनपद्धती म्हणून, संगणकावर नंतर. सरासरी काढायचा सगळा प्रोग्रॅम एवढाच:

(+/÷≢)

बेरीज भागिले संख्या. मधला भागाकार दोन्ही बाजूंच्या निकालांवर चालतो. एकदा कळलं की 'सरासरी' असं नाव द्यावंसंही वाटत नाही, कारण नाव व्याख्येपेक्षा लांब. 1979 मध्ये ट्युरिंग पुरस्कार घेताना आयव्हर्सन यांनी व्याख्यानात हाच विषय घेतला, की लिहायची पद्धत ही विचाराचंच अवजार असते. दोन वर्षं आधी त्याच व्यासपीठावरून जॉन बॅकस यांनी चलांशिवायच्या फंक्शनल शैलीची मांडणी केली होती. धागाकर्त्याची टिंबांची साखळी त्याच शैलीतली.

गंमत पुढे आहे. त्या घराण्यातली 'के' ही आर्थर व्हिटनी यांची भाषा, साध्या कीबोर्डवरच्या चिन्हांची, भयंकर आटोपशीर. एकच चिन्ह डावीकडे काही असेल तर एक काम करतं, नसेल तर दुसरं. बँकांमधले लोक हे वापरणार कसे? तर 2003 मध्ये केडीबी-प्लस या डेटाबेसबरोबर 'क्यू' आली, म्हणजे के-वर चढवलेला शब्दांचा पातळ थर. मोजणीच्या चिन्हाऐवजी 'काउंट' आणि वर एसक्यूएलसारखं (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) 'सिलेक्ट... बाय... फ्रॉम'. आज आमच्याकडे सगळे क्यू लिहितात, के वाचणारे मोजके. म्हणजे सगळ्यात कडव्या चिन्हवाल्यांनीही शेवटी शब्द आणले. पण कसले, ते बघा. वाक्यं नाही आणली. एका क्रियेला एक छोटा शब्द, आणि तो कायमचा.

अवांतर: एपीएलमध्ये गुणाकार-बेरीज असा अग्रक्रम नसतो, सगळं उजवीकडून. 2×3+4 म्हणजे 14. शाळेत शिकलेलं विसरावं लागतं, आणि शाळेत शिकलेलं सहजी विसरत नाही.

चंपक_फॉरवर्ड

संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे असं नासानंच म्हटलंय. तीच वापरा, वाद मिटला.

पाटीपेन्सिल

चंपकराव, तो फॉरवर्ड 1985 मधल्या रिक ब्रिग्ज यांच्या एका लेखावरून सुटलाय. त्यात शास्त्रातल्या संस्कृतची वाक्यं उलगडायची रीत आणि यंत्रात ज्ञान मांडायच्या जाळ्या यांची तुलना होती. प्रोग्रॅम लिहायला ही भाषा घ्या, असं कुणी म्हटलेलं नाही.

पण संस्कृतचा विषय निघालाच आहे तर या वादाला लागू पडणारं काहीतरी सांगते. पाणिनीचं 'इको यणचि' हे सूत्र घ्या. इक् म्हणजे इ, उ, ऋ, ऌ. यण् म्हणजे य, व, र, ल. अच् म्हणजे कुठलाही स्वर. 'इकः' ही षष्ठी, म्हणजे 'याच्या जागी'. 'यण्' प्रथमा, म्हणजे 'हे येतं'. 'अचि' सप्तमी, म्हणजे 'हे पुढे असताना'. इति + आदि, इत्यादि. पाणिनीनं वेगळी चिन्हं आणली नाहीत, भाषेच्याच विभक्ती उचलल्या आणि त्यांना पक्के, तांत्रिक अर्थ ठरवून दिले. बोलीतली षष्ठी दहा अर्थांनी येते, सूत्रात या जागी एकाच. ही सूत्रं वाक्य म्हणून म्हणता येतात आणि नियम म्हणून चालवताही येतात. बाईंच्या 'अशीच_बिलं_घ्या'मध्ये हे नाही. तिथे 'च'ला कंपायलरच्या लेखी काही अर्थ नाही, तो नावाचा एक तुकडा आहे फक्त.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. मी शाळेत गणित शिकवायचे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर तिथला शिलालेख भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला त्याचा. भास्कराचार्यांचं बीजगणित साधारण 1150 चं. त्यातले नियम श्लोकांत आहेत, म्हणजे संपूर्ण शब्दांत. पण उदाहरण सोडवायला घेतलं की श्लोक बाजूला. अज्ञात राशी 'यावत्तावत्', तिचं नुसतं 'या'. दुसरी अज्ञात 'कालक', तिचं 'का'. तिसरी 'नीलक', 'नी'. सुटा अंक 'रूप', त्याचं 'रू'. वर्ग 'याव'. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. म्हणजे आपलं 5क्ष + 3 हे

या 5 रू 3

असं, आणि समीकरणाची दुसरी बाजू बरोबर त्याखाली, 'या'खाली 'या', 'रू'खाली 'रू'. एकाखाली एक आले की वजाबाकी आपोआप सुचते. वर्गात मुलांना हे करून दाखवलं की अनेकांना आपल्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा पटकन कळायचं.

मुद्दा असा, की एकाच माणसाकडे दोन्ही होतं. पाठ करायला आणि शिकवायला श्लोक, पाटीवर काम करायला 'या' आणि 'रू'. पाटीवर कुणी श्लोक लिहीत बसलं नाही, आणि 'याव'ची संथा कुणी दिली नाही. तुमच्या टीमनं श्लोक आणि पाटी एकाच फाइलीत कोंबायचा हट्ट धरलाय असं मला दिसतंय.

मेनफ्रेम_काका

ताई, निव्वळ सुंदर. या माहितीचा वेगळा धागा काढा.

वाक्यांती_क्रियापद

पाटीपेन्सिल ताईंना +१. मी एलिक्सर या फंक्शनल भाषेत काम करते आणि मला एक वेगळंच कारण दिसतं, जे कुणी अजून मांडलं नाही. क्रम.

'बेरीज . मॅप रक्कम . फिल्टर थकीत' ही साखळी उजवीकडून डावीकडे चालते. आधी फिल्टर, शेवटी बेरीज, पण डोळा बेरजेवर आधी पडतो. 'बेरीज करा रकमांची, थकीत बिलांच्या', असं. इंग्रजीत आज्ञा अशीच देतात, क्रियापद आधी. आपण असं बोलतो का? आपण म्हणतो, बिलं घे, थकीत वेगळी कर, रकमा काढ, बेरीज कर. पाइप (आधीचा निकाल पुढच्या फंक्शनला देणारं चिन्ह) लावला की:

बिलं
|> फिल्टर(थकीत)
|> मॅप(रक्कम)
|> बेरीज

वस्तू आधी, क्रिया शेवटी. एकही नाव बदललेलं नाही, एकही वाक्य घातलेलं नाही, आणि तरी जावातून आलेला मुलगा वरून खाली वाचत जातो. 'नैसर्गिक भाषेसारखं' म्हणताना सगळे इंग्रजीचा निसर्ग धरून चालतात. जपानीतही क्रियापद शेवटी येतं आणि तिथे 'माइंड' नावाची जपानी शब्दांची प्रोग्रॅमिंग भाषा फोर्थ या भाषेवर बेतलेली होती, म्हणजे आधी माल, मग क्रिया. त्यांना ते फार वाकवावं लागलं नसणार.

एसक्यूएलचंच बघा. 'सिलेक्ट' पहिल्यांदा लिहायचं, पण अर्थानं ते 'फ्रॉम', 'व्हेअर', 'ग्रुप बाय' नंतर येतं. सीशार्प भाषेतल्या लिंक या एसक्यूएलसारख्या सोयीत म्हणूनच 'फ्रॉम' पुढे आणलं, नाहीतर एडिटरला पुढचे कॉलम सुचवता येईनात. 2024 मध्ये गूगलच्या लोकांनी एसक्यूएललाच पाइप लावायचा प्रस्ताव मांडला. वाक्यासारखी दिसणारी भाषा पन्नास वर्षांनी साखळीकडे चाललीय.

कंसातला

पाइप चालेल, पण तो डेटा हातात असतानाच. फंक्शनचं फंक्शनशी लग्न लावायचं असेल, डेटा अजून आलेलाच नसेल, तर टिंब लागतंच. बाकी मुद्दा बिनतोड.

इंटर्न_दुसरा

दादालोक, एवढा वाद कशाला? आता कोड एआय लिहिणार. मराठीत सांगायचं, झालं.

कंसातला

सांग की. 'ज्या ग्राहकांनी सगळी बिलं भरली नाहीत त्यांची खाती गोठव.' ते 'अ' देईल किंवा 'ब' देईल, दोन्ही कंपाइल होतील. कुठलं दिलंय ते तुलाच वाचावं लागेल. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी 1970 च्या दशकात नैसर्गिक भाषेत प्रोग्रॅमिंग करण्याच्या कल्पनेची सालटी काढली होती, ती अजून लागू आहे. चिन्हवाल्यांनी हुरळून जाऊ नये, त्यांनी एपीएललाही सोडलं नव्हतं. पूर्णत्वाला नेलेली चूक म्हणाले होते.

वाचनमात्र_बंड्या

एक भाबडा प्रश्न. धागाकर्ते म्हणाले कंपायलरला देऊ नका. का? खरोखर देवनागरीत लिहिलं तर काय बिघडतं?

कंसातला

पायथन 3 मध्ये चलाचं नाव 'थकबाकी' ठेवून बघ, चालतं. हॅस्केलमध्ये वेगळी अडचण आहे. टाइपचं आणि कन्स्ट्रक्टरचं नाव मोठ्या लिपीतल्या अक्षरानं सुरू व्हावं लागतं, आणि आपल्याकडे मोठी-छोटी अशी लिपीच नाही. 'बिल' नावाचा टाइप करताच येत नाही. गो भाषेत पॅकेजबाहेर दिसणाऱ्या नावांना हाच नियम, हीच पंचाईत. भाषा रचणाऱ्यांनी अक्षराच्या आकारालाच अर्थ दिला, आणि ते फक्त काही लिप्यांनाच परवडतं.

आळशी_मूल्यांकन

सगळ्यांचे आभार. धागा बाईंनाही वाचायला दिला. सध्या ठरलंय ते असं: मॅप, फिल्टर यांना टोपणनावं द्यायची नाहीत. 'थकीत', 'मुदत_उलटलेली' ही व्यवसायातली नावं मात्र पूर्ण शब्दांत, आणि रिकाम्या यादीला काय उत्तर येतं त्याची टेस्ट प्रत्येकाला हवी (सीए साहेब, ही तुमच्या नावावर). डेटा हातात असेल तिथे हॅस्केलचा पाइप म्हणजे & लावून वरून खाली. लेन्सची ^. .~ %~ एवढीच चिन्हं, बाकीच्यांसाठी नावं. लेन्सवाला नाराज आहे. त्याचं म्हणणं, <<%@= सारखं चिन्हसुद्धा तुकड्यातुकड्यानं वाचता येतं, % म्हणजे बदल, = म्हणजे स्टेटमध्ये, << म्हणजे जुनी किंमत परत. खरं आहे, पण रिव्ह्यूच्या कॉलवर ते तोंडानं कसं म्हणायचं हे त्यालाही सांगता आलं नाही.

बाई अजून पूर्ण राजी नाहीत. मॅनेजरसाठी वेगळं पान लिहायचं, कोडमध्ये वाक्यं आणायची नाहीत, एवढं त्यांनी तात्पुरतं मान्य केलंय.

इंटर्न_दुसरा

पहिल्या पोस्टमधली लेन्सची ओळ कंस न देता कशी चालते? बिल & रक्कम %~ ... यात आधी कोण?

आळशी_मूल्यांकन

%~ आणि .~ यांचा अग्रक्रम 4, & चा 1. त्यामुळे आधी 'रक्कम %~ (* 1.18)' हा तुकडा बांधला जातो, मग & बिल आणून त्याला देतं. & डावीकडून जुळतं, म्हणून पुढे कितीही & लावले तरी क्रम तोच राहतो. (* 1.18) चा कंस मात्र काढू नकोस.